पळालेल्यांची नातवंडं

आमच्या विभागात अफवेला अफवा म्हणत नाहीत. अफवा म्हटलं की सांगणारा लबाड आणि ऐकणारा बावळट ठरतो, आणि शास्त्राला असं नाक मुरडणं शोभत नाही. आम्ही तिला वाण म्हणतो, बियाण्याचं असतं तसं. एक गोष्ट अनेक तोंडांतून गेली की तिचे थोडेथोडे वेगळे प्रकार होतात. त्यातले बहुतेक मरतात, एखादा तग धरतो आणि पुढच्या तोंडात तोच उगवतो. प्राण्यांत जी निवड चालते तीच माणसांच्या समजुतींत आणि गोष्टींत चालते का, हे तपासण्याचा मला पगार मिळतो. समाजशास्त्रातल्या जुन्या सहकाऱ्यांना हे पटत नाही. त्यांनी माझं नाव 'माकडवाली बाई' पाडलंय. घरात मी अजून 'बारकी'च आहे, केस पांढरे झाले तरी.

यंदाचा प्रयोग तसा पोरखेळच होता. लहान मुलं कानगोष्टी खेळतात ना, तोच खेळ मोठ्यांकडून करून घ्यायचा. पहिल्या माणसाला एक गोष्ट सांगायची, त्याने ती आठवेल तशी दुसऱ्याला सांगायची, दुसऱ्याने तिसऱ्याला. शेवटी काय उरतं ते बघायचं. मी दोन गोष्टी रचल्या होत्या. दोन्हींत पाळणाघर चालवणारी एक बाई होती. एका गोष्टीत ती मुलांना गाणी शिकवते. दुसरीत ती दुपारच्या दुधात झोपेचं औषध घालते.

भीतीची गोष्ट जास्त टिकणार असा माझा अंदाज होता, आणि त्यामागचं कारण मी वर्गात दरवर्षी घसा ताणून सांगते. गवतात काहीतरी सळसळलं. एकजण पळाला, दुसरा 'आधी पुरावा दाखवा' म्हणत उभा राहिला. बहुतेक वेळा तो नुसता वारा असतो आणि पळणारा येडा ठरतो. पण एकदा का तो वारा नसला, की उभा राहणाऱ्याचा वंश तिथेच संपतो. आपण सगळे पळालेल्यांची नातवंडं आहोत. साप साप म्हणून भुई धोपटणाऱ्यांची. यावर मुलं हसतात, आणि मलाही स्वतःचं कौतुक वाटतं.

गोष्ट पटायला हवी तर तपशील खरे वाटायला हवेत. मी डोळे मिटले आणि वहिनीचं पाळणाघर समोर आलं. पिवळं दार, एक कान तुटलेला लाकडी घोडा, प्राण्यांची चित्रं असलेले पत्र्याचे मग. सगळं जसंच्या तसं उचललं. माझ्या गोष्टीतली बाई दुधात औषध ढवळताना म्हणते, "झोपलेलं मूल तेच गुणी मूल." हे वाक्य सुचलं तेव्हा मी चक्क टेबलावर थाप मारली होती. बाईचं नाव घातलं नाही, गल्ली सांगितली नाही, आणि एवढ्या सावधगिरीवर मी खूश झाले. प्रयोगाला यायचं आवाहन मात्र आम्ही आमच्याच भागातल्या वाचनालयात लावलं होतं. उंटावरच्या शहाण्यांना एवढंच जमतं.

प्रत्येकाला शेवटी आम्ही बजावून सांगायचो की गोष्ट पूर्णपणे बनावट आहे. माणसं मान डोलवायची, बिस्किटं खायची आणि घरी जायची.

भीतीची गोष्ट साखळीच्या टोकापर्यंत धडधाकट पोचली. गाण्यांची गोष्ट मध्येच लंगडी झाली. मी पेपर लिहायला घेतला.

मग एका सकाळी वहिनीचा फोन आला.

"बारके, आज निम्मी मुलं आलीच नाहीत गं."

"साथ असेल कसली तरी."

"नाही. घोड्यावरून भांडणाऱ्या त्या जुळ्यांची आई खाली दुकानात भेटली. माझ्याकडे बघितलं आणि सरळ रस्ता ओलांडून गेली."

मी म्हटलं, जाऊ दे, लोकांना कामं असतात. पण दुपारी पाळणाघरात गेले तेव्हा वहिनी खुर्चीत बसून होती. ती बसलेली मी कधी पाहिली नव्हती. लग्न होऊन आमच्या घरात आल्यापासून ती एक तर उभी असते किंवा वाकलेली असते. आतल्या खोलीत चारदोन मुलं झोपली होती आणि ती त्यांच्याकडे बघत होती.

"काय बोलतायत माहितीये?" आवाज खाली आणून ती म्हणाली. "मी दुधात झोपेचं औषध घालते म्हणे. आणि ढवळताना म्हणे मी म्हणते, झोपलेलं मूल तेच गुणी मूल."

शब्द न् शब्द माझा होता. इतक्या तोंडांतून जाऊनही त्याला एक ओरखडा नव्हता. आणि खरं सांगते, लाज वाटते सांगायला, पण भीतीच्या आधी क्षणभर मला वाटलं: काय टिकलंय!

"लोक पराचा कावळा करतात," मी कसंबसं म्हटलं.

"अगं, पण पर तरी कुठून आला? मी साधं खोकल्याचं औषधसुद्धा आईबापांना विचारल्याशिवाय देत नाही."

आतलं एक मूल कुशीवर वळलं तशी वहिनी उठली, त्याच्या नाकाशी बोट धरून आली आणि पुन्हा बसली. "झोपली की आता मलाच भीती वाटते," ती म्हणाली. "इतकी गाढ का झोपतात, असं वाटतं."

तिथून मी तडक विभागप्रमुखांच्या खोलीत गेले. सरांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला, आणि त्यांचे डोळे चमकले.

"म्हणजे ती बाहेर गेली? जिवंत? आणि मूळ वाक्यासकट?"

"सर, माझ्या वहिनीचं पाळणाघर बंद पडेल."

"हो, हो, ते वाईटच." त्यांनी चष्मा परत चढवला. "आपण खुलासा काढू. विभागाच्या सहीशिक्क्यानिशी. सदर मजकूर काल्पनिक आहे."

"खुलासा आपण दिलाच होता, सर. प्रत्येकाला, तोंडावर. तोच सगळ्यात आधी मेला."

सरांनाही माहीत होतं. 'असं काही घडलं नाही' हे वाक्य कुणी कुणाला सांगायला धावत जात नाही. त्यात ना माणूस, ना मूल, ना दूध. अशा वाक्याला पाय फुटत नाहीत. मी स्वतः त्यावर एक प्रकरण लिहिलंय आणि त्याचं कौतुकही झालंय.

संध्याकाळी दादाच्या घरी मी सगळं सांगून टाकलं. दादाचं चष्म्यांचं दुकान आहे. चिडला की तो काहीतरी पुसत बसतो. त्या दिवशी तो स्वतःचाच चष्मा पुसत राहिला. त्यांची लेक ठकी आत तिच्या बाहुल्यांना रागवत होती.

वहिनीने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "माझे मग घेतलेस तू?"

"वहिनी..."

"घोडा पण घेतलास? नि दार?" ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "तुला दुसरं एकही पाळणाघर सुचलं नाही गं?"

"मला दुसरं ठाऊकच नाही."

दादा म्हणाला, "तुझ्या शास्त्रात यावर उतारा असेल ना काही? का नुसतं विष करायलाच शिकवतात?"

उतारा होता. येताना वाटेत माझ्या डोक्यात तो आपोआप तयार झाला होता, हेच त्यातलं भयंकर. अशी गोष्ट खोडून मरत नाही. तिच्या जागी तिच्याहून दणकट गोष्ट सोडावी लागते. चौकापलीकडे आणखी एक पाळणाघर होतं, नुकतंच निघालेलं. 'त्या नव्या बाईनेच धंदा वाढवायला ही अफवा उठवली' एवढं दोन ठिकाणी बोललं की काम झालं. मत्सर, कारस्थान, चेहरा असलेला दुष्ट माणूस, सगळं त्यात होतं. आठवड्यात ती माझी पहिली गोष्ट खाऊन टाकेल, याची मला खात्री होती.

मी ते बोलून दाखवलं. दादा पुसायचा थांबला. मला वाटलं, तो हो म्हणणार.

"आणि ती बाई?" वहिनीने विचारलं.

"ती... तिला थोडा त्रास होईल."

"आपल्या दारातली घाण दुसरीच्या दारात लोटायची. हे शिकलीस इतकी वर्षं?" ती उठली. "काही नाही. सगळ्या आईबापांना बोलवते. तू समोर उभी राहा आणि खरं काय ते सांग. खऱ्याला मरण नाही."

खऱ्याला मरण नाही. मी यावरही व्याख्यान देऊ शकले असते. पण तिचा चेहरा बघून माझी जीभ रेटली नाही. आणि मनातून मलाही वाटत होतं की निदान या वेळी तरी माझं शास्त्र खोटं ठरावं.

सुटीच्या दिवशी सकाळी सगळे जमले. मोठमोठी माणसं मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर गुडघे छातीशी घेऊन बसली होती. एरवी मला हसू आवरलं नसतं. वहिनी दाराशी उभी होती आणि दादा तिच्या मागे. मी हात पाठीमागे धरले आणि बोलायला लागले.

मी काही लपवलं नाही. मी कोण, प्रयोग काय, गोष्ट मी का रचली, तपशील कुठून उचलले, सगळं सांगितलं. "ते वाक्य माझं आहे," मी म्हटलं. "माझ्या वहिनीने ते जन्मात उच्चारलेलं नाही. चूक माझी आहे. तिच्या दुधात दुधाशिवाय काही नसतं."

पुढे बसलेल्या एका दातांच्या डॉक्टरने विचारलं, "म्हणजे तुम्ही लोकांवर प्रयोग करता?"

"गोष्टींवर. माणसं फक्त ऐकतात आणि सांगतात."

"आणि हे पाळणाघर त्यात होतं."

"फक्त गोष्टीत."

त्याने मान हलवली. समजल्यासारखी हलवली, असं मला वाटलं. मग एक आजी उठल्या, त्यांनी वहिनीचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "मला नव्हतंच पटलं गं." जुळ्यांची आई रडायलाच लागली. वहिनी तिचीच समजूत काढत बसली. निघताना दादाने माझ्या पाठीवर थोपटलं. "सुटलीस, माकडवाले," तो म्हणाला, आणि कितीतरी दिवसांनी मी पोटभर जेवले.

दुसऱ्या दिवसापासून मुलं यायला लागली. सगळी नाही, पण बरीचशी. वहिनी पुन्हा उभी राहायला लागली. तरी मला चैन नव्हतं. मी विभागातून वेळ काढून पाळणाघराच्या समोरच्या फुटपाथवर उभी राहायचे आणि कोण आत जातंय ते बघायचे. कुणी दारात रेंगाळलं, कुणी मुलाच्या कानात वाकून काही बोललं, की मी तो चेहरा लक्षात ठेवायचे. वहिनीने एकदा खिडकीतून पाहिलं आणि म्हणाली, "तूच अशी उभी राहिलीस तर लोकांना शंका नाही यायची?" तेव्हापासून मी ते बंद केलं.

मग मी कपडे आणायला लाँड्रीत गेले. आमच्या भागातली नव्हे, विभागाशेजारची. तिथली बाई मला चेहऱ्याने ओळखते, तेवढंच. माझा कोट शोधताना ती पाठमोरी बोलत होती, कुणाशीतरी बोलायचं म्हणून बोलतात तशी.

"तुम्ही इथल्याच ना, विद्यापीठातल्या? ऐकलंत ना त्या पाळणाघराचं?"

"काय ते?"

"अहो, तुमच्याच इथली कुणी बाई. भावजयीच्या पाळणाघरात मुलांवर औषधाचा प्रयोग करत होती. दुधातून. कुठली मुलं किती झोपतात ते बघायला."

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणी सांगायला कशाला हवं? तिनंच कबूल केलं! सगळ्यांना बोलावून, उभी राहून, चूक माझी आहे म्हणाली." तिने कोट काउंटरवर ठेवला. "आणि भावजय म्हणे दारात उभी, कुणाला बाहेर जाऊ देईना."

मी कोट तिथेच विसरून बाहेर पडले. काय झालं होतं ते मला लख्ख दिसत होतं, वर्गातल्या फळ्यावर काढून दाखवावं तसं. माझ्या सांगण्यात 'प्रयोग' होता, 'पाळणाघर' होतं, 'दूध' होतं, 'चूक माझी' होतं. 'गोष्ट' तेवढी गळून पडली होती. जुन्या अफवेकडे पुरावा नव्हता. माझ्या कबुलीने तिला तो मिळाला होता.

दोन दिवसांत नगरपालिकेचा निरीक्षक आला. भला माणूस होता. त्याने कपाटं उघडली, दुधाचा वास घेतला, नमुना नेला, आणि काही सापडलं नाही असं लिहून दिलं. पण त्याची गाडी दारासमोर उभी असलेली सगळ्या गल्लीने पाहिली होती. काही सापडलं नाही हे कुणी कुणाला सांगितलं नाही. तपासायला आले होते, हे सगळ्यांनी सगळ्यांना सांगितलं. आग नसेल तर धूर कसा, एवढंच लोक विचारत होते.

जुळी पुन्हा यायची बंद झाली. त्या आजीही नातवाला घेऊन गेल्या. जाताना म्हणाल्या, "मला पटत नाही गं, पण सून ऐकत नाही." मग एका दुपारी आतल्या खोलीत एकही मूल नव्हतं. वहिनीने सगळ्या गाद्या गुंडाळून भिंतीशी लावल्या आणि त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिली.

त्यानंतर मी रोज संध्याकाळी दादाच्या घरी जायला लागले. दुसरं काय करू? काही बोलायचं नसायचं. भाजी चिरून द्यायचे, ठकीचा अभ्यास घ्यायचे, तिला दूध द्यायचे. हे मी पूर्वीही करायचे, पण आता प्रत्येक गोष्ट विचारून करायचे, पाहुणीसारखी. वहिनी माझ्याशी एका शब्दाने वाईट वागली नाही. दादा थोडा घुमा झाला होता, पण तो तरी काय करणार. दुकानात गिऱ्हाइकं चष्म्याऐवजी त्याच्याकडेच बघायची.

त्या दिवशी मी नेहमीप्रमाणे दूध गरम केलं, मगात ओतलं, साखर घातली. ठकी ओट्याशी उभी राहून हात पुढे करत होती. मागे वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होती. घड्या घालणं थांबलं, ते मला पाठीला कळलं.

"बारके."

"काय गं?"

"रागावू नकोस हं. मला ठाऊक आहे सगळं. मी होते ना तिथे." ती जवळ आली. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. "पण तू दुपारची यायचीस कधी कधी. मी बाहेर असताना. मुलांच्या दुधाचे मग आतून आणायचीस. एकदाच सांग. माझ्या डोळ्यांत बघून. तू खरंच काही घातलं नव्हतंस ना?"

मला राग यायला हवा होता. आला नाही. विचारण्याने तिचं फारसं काही जाणार नव्हतं, आणि न विचारण्याने सगळं जाऊ शकत होतं. तिच्या जागी मी असते तर मीही विचारलं असतं. हेच तर मी शिकवते.

"नाही, वहिनी," मी तिच्या डोळ्यांत बघून म्हटलं. "कधीच नाही."

"ठाऊक आहे गं मला," ती म्हणाली, आणि तिला रडू आलं. तिने माझ्या खांद्यावर कपाळ टेकलं. मी तिच्या केसांवरून हात फिरवला. आम्ही दोघी तशाच थोडा वेळ उभ्या राहिलो. ठकी कंटाळून माझा पदर ओढायला लागली.

मग वहिनीने डोळे पुसले, माझ्या हातातला मग घेतला आणि आतलं दूध मोरीत ओतलं. पातेल्यातलंही ओतलं. नवी पिशवी फोडली, नवं पातेलं चढवलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "गार झालं होतं."

मोरीतून अजून वाफ येत होती.